लेकीची जागा कोण नेतं?



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्याकडे दाखल्यांचा हंगाम सुरू होतो. राजगुरुनगरची तहसील कचेरी घ्या, वडगाव मावळची घ्या, नाहीतर आपल्या गावातलं महा ई-सेवा केंद्र घ्या, सगळीकडे रांग. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, रहिवासी दाखला. कंपनीतली हजेरी बुडवून आई रांगेत उभी असते. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत झेरॉक्स. ही रांग कशासाठी, तर लेकराला एक जागा मिळावी म्हणून. आज त्या जागेबद्दल बोलायचं आहे. ती कशी मिळते, आणि पैसेवाले आई-बाप ती मागच्या दारानं कशी नेतात.

आधी एक गोष्ट पक्की करूया. चांगल्या कॉलेजातली जागा मोजकी असते. ती पाण्याच्या नळासारखी नाही की एकीनं हंडा भरला तरी दुसरीलाही मिळेल. २०२४ साली डॉक्टरकीच्या नीट परीक्षेला देशभरातून २३ लाखांवर मुलं बसली आणि एमबीबीएसच्या जागा होत्या सुमारे १ लाख ८ हजार. म्हणजे खोटेपणानं एक मूल आत गेलं की खरेपणानं अभ्यास केलेलं एक मूल बाहेर राहतं. त्या बाहेर राहिलेल्या मुलीला आपली जागा कुणी नेली हे कधीच कळत नाही. ती घरी येऊन म्हणते, "आई, मीच कमी पडले." चोरी झाली, पण जिच्या घरी झाली तिला पत्ता नाही. म्हणून या चोरीचा गवगवाही होत नाही.

पैशानं जागा घेण्याचे काही उघड मार्ग आहेत आणि ते कायद्यात बसतात. महागडे क्लास, खासगी कॉलेजातला व्यवस्थापन कोटा, परदेशी भारतीयांचा कोटा. ते आवडो न आवडो, उघड आहेत. महाराष्ट्रात १९८३ नंतर विनाअनुदानित इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजं भराभर निघाली आणि त्यांच्याबरोबर 'देणगी' नावाचा प्रकार वाढला. पावती नसलेली रक्कम द्यायची आणि प्रवेश घ्यायचा. ते इतकं वाढलं की १९८७ साली सरकारला कायदा करावा लागला. ठरलेल्या फीपेक्षा वर अशी देणगी मागणं तेव्हापासून गुन्हा आहे. हे मी मुद्दाम सांगते, कारण अजूनही "थोडं डोनेशन द्यावं लागेल" असं कुणी म्हटलं की आपण मान डोलावतो आणि मंगळसूत्र गहाण टाकायला निघतो.

आता चोरटे मार्ग. ते तीन आहेत. गुण बदलणं, पेपर फोडणं आणि खोटा दाखला काढणं. तिन्हींची उदाहरणं आपल्याच महाराष्ट्रातली आहेत.

पहिलं गुणांचं. १९८५ साली शिवाजीराव पाटील निलंगेकर आपल्या राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांची मुलगी डॉक्टर होती आणि मुंबई विद्यापीठाच्या एमडी परीक्षेला बसली होती. आधीच्या परीक्षांत तिला यश आलं नव्हतं, या वेळी ती पास झाली. त्याच परीक्षेला बसलेले एक तरुण डॉक्टर, महेश गोसावी, मुंबई उच्च न्यायालयात गेले. गुणपत्रकात खाडाखोड करून गुण वाढवले, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयानं चौकशी केली, मुख्यमंत्र्यांवर ठपका आला आणि मार्च १९८६ मध्ये निलंगेकरांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. पुढे अपील झालं. थेट पुरावा नाही, असं अपिलात म्हटलं गेलं. पण न्यायालयानं मारलेले ताशेरे सर्वोच्च न्यायालयानंही पुसले नाहीत. या निकालातली एक गोष्ट आपल्या फार कामाची आहे. तक्रार करणारा स्वतःचं नुकसान झालं म्हणून आला असला, तरी त्यात लोकांचं हित असेल तर न्यायालय त्याचं ऐकू शकतं, असं तिथं सांगितलं गेलं. म्हणजे "तुझ्या पोरीला मिळालं नाही म्हणून तू बोंबलतेस" असं कुणी म्हणालं, तर गप्प बसायचं कारण नाही.

दुसरं पेपरफुटीचं. ५ मे २०२४ ची नीट परीक्षा तुम्हाला आठवत असेल. टीव्हीवर महिनाभर तेच चाललं होतं. पाटणा आणि हजारीबाग इथं पेपर फुटला होता, हे सर्वोच्च न्यायालयानं २३ जुलै २०२४ ला मान्य केलं. सगळी परीक्षा मात्र रद्द केली नाही, कारण फूट देशभर पसरल्याचं समोर आलं नव्हतं. त्या काळात आपल्या लातूरमध्येही शिक्षकांवर गुन्हा दाखल झाला आणि तपास सीबीआयकडे गेला. पेपर फोडणाऱ्यांसाठी केंद्राचा नवा कायदा २१ जून २०२४ पासून लागू झाला आहे. टोळी करून हे केलं तर ५ ते १० वर्षं तुरुंग आणि किमान १ कोटी रुपये दंड. फुटलेला पेपर विकत घेणं हे आपल्या ऐपतीतलं काम नाही, हे सांगायला नको. महिन्याला पंधरा हजारांत घर चालवणारी बाई असल्या बाजारात जातच नाही.

तिसरं दाखल्याचं, आणि हे थेट आपल्या दारातलं. २०२४ च्या जुलैत पुण्यात प्रशिक्षणार्थी म्हणून आलेल्या आयएएस अधिकारी पूजा खेडकर यांचं प्रकरण गाजलं. सुरुवात खासगी गाडीवरच्या लाल-निळ्या दिव्यावरून झाली. मग लोक कागद बघायला लागले. वडील मोठ्या सरकारी पदावरून निवृत्त झालेले, त्यांनी त्याच वर्षी लोकसभा निवडणूक लढवताना सुमारे ४० कोटींची मालमत्ता जाहीर केलेली. आणि मुलीकडे मात्र नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे वर्षाला ८ लाखांच्या आतल्या घरातली असल्याचा दाखला. २००७ साली मेडिकल कॉलेजला प्रवेश घेतानाही नॉन-क्रिमिलेअर दाखला दिला होता, असं त्या कॉलेजनं तेव्हा सांगितलं. अपंगत्वाच्या दाखल्यांवरही प्रश्न उभे राहिले. त्यातला एक दाखला आपल्या पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयातला, ७ टक्क्यांचा. सवलतीसाठी किमान ४० टक्के लागतात. त्या दाखल्यासाठी दिलेला राहण्याचा पत्ता तळवड्यातल्या एका कंपनीचा होता, असं वर्तमानपत्रांत आलं. तळवडे म्हणजे देहू-आळंदी रस्ता, आपल्यातल्या कितीतरी जणी तिथं कामाला जातात.

३१ जुलै २०२४ ला यूपीएससीनं त्यांची निवड रद्द केली आणि पुढच्या परीक्षांना कायमची बंदी घातली. नाव बदलून ठरल्यापेक्षा जास्त वेळा परीक्षा दिली, असं कारण दिलं. सप्टेंबरात केंद्र सरकारनं त्यांना सेवेतून काढलं. पोलिसांत गुन्हा दाखल झाला. त्यांनी सगळे आरोप नाकारले आहेत आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना अटकपूर्व जामीन दिला. दोषी कोण हे न्यायालय ठरवेल. आपण निकाल द्यायचा नाही. पण आपल्याला एक प्रश्न विचारायचा हक्क आहे. ज्या दाखल्यासाठी आमच्या बाईला चार चकरा आणि चार दिवसांची मजुरी घालवावी लागते, तो दाखला कोट्यवधीची मालमत्ता असलेल्या घरात कसा पोचतो?

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. २०१९ च्या मार्चमध्ये अमेरिकेत असंच मोठं प्रकरण उघडकीस आलं. रिक सिंगर नावाचा सल्लागार श्रीमंतांच्या मुलांना नामांकित कॉलेजात घुसवून द्यायचा. जे पोरगं कधी मैदानात उतरलं नाही, ते खेळाडू म्हणून दाखवायचं, प्रशिक्षकाला लाच द्यायची. परीक्षेत जास्त वेळ मिळावा म्हणून मुलाला शिकण्यात अडचण असल्याचा कागद मिळवायचा. नंतर कुणीतरी उत्तरं दुरुस्त करायचं. पन्नासवर लोकांवर खटले झाले. त्यात उद्योगपती होते, सिनेमातल्या नट्या होत्या. फेलिसिटी हफमन या अभिनेत्रीनं १५ हजार डॉलर दिले होते, तिला १४ दिवस तुरुंगवास झाला. सिंगरला २०२३ मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. घरात सगळं असलेली माणसंसुद्धा अपंग मुलांसाठी ठेवलेली सवलत उचलायला निघाली, हे त्यातलं बघण्यासारखं.

आता हे गटाच्या भाषेत मांडते. समजा आपल्या गटात या महिन्यात २० हजार रुपये शिल्लक आहेत. एकीला कर्ज द्यायचं आहे. जिचं घर भरलेलं आहे अशी एक ताई दवाखान्याचा खोटा कागद आणते, मूल आजारी आहे म्हणते, आणि पैसे घेऊन जाते. जिचं मूल खरंच आजारी आहे, तिला या महिन्यात काही नाही. हे पहिलं नुकसान. पुढच्या महिन्यात खोटेपणा उघड होतो. मग गट काय म्हणतो? "आता कुणाच्याच दवाखान्याच्या कागदावर विश्वास ठेवायचा नाही." खरं आजारपण असलेल्या बाईलाही दहा प्रश्न. हे दुसरं नुकसान, आणि ते जास्त दिवस टिकतं.

२०२४ ला नेमकं तेच झालं. एका प्रकरणावरून अपंगांना मोठ्या नोकरीत राखीव जागा हव्यातच कशाला, असं लोक उघड बोलू लागले. ज्यांनी काठी टेकत, व्हीलचेअरवर बसून अभ्यास केला, त्यांच्याकडे संशयानं बघितलं गेलं. खोटा दाखला काढणारा आपली जागा नेतो, आणि वर आपल्या खऱ्या दाखल्याची किंमतही घालवतो.

इथपर्यंत सगळ्या जणी माना डोलावत असतील. आता थोडं अवघड बोलते.

चाकण, म्हाळुंगे, खराबवाडी, निघोजे, कुरुळी. या पट्ट्यात जमिनी कंपन्यांना गेल्या, पैसा आला, खोल्या बांधल्या गेल्या. त्याच गावात, त्याच खोल्यांत मराठवाड्यातून, विदर्भातून, परराज्यातून आलेली कंत्राटी कामगारांची कुटुंबं भाड्यानं राहतात. नुसता हिशोब करून बघा. दहा खोल्या, प्रत्येकी ४ हजार भाडं, महिन्याला ४० हजार, वर्षाला ४ लाख ८० हजार. भाडं रोख येतं, कागदावर कुठंच नाही. अशा घराला ७० हजारांचा उत्पन्नाचा दाखला मिळू शकतो. त्यांच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराला महिना १२ हजार पगार, तो बँकेत येतो, त्याची पगारपावती असते. वर्षाला १ लाख ४४ हजार. शाळेतल्या आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी खुल्या गटातल्या दुर्बल कुटुंबाला उत्पन्नाची मर्यादा आहे १ लाख. म्हणजे खोल्यांचा मालक कागदावर गरीब, आणि भाडेकरू कागदावर श्रीमंत! ज्याचं उत्पन्न दिसतं तो अडकतो, ज्याचं दिसत नाही तो सुटतो.

मग भाडेकरू बाईला कुणीतरी म्हणतं, "ताई, तीन हजार द्या, मी ९० हजारांचा दाखला काढून देतो. मोठेमोठे करतात, तुम्ही कशाला हरिश्चंद्र होता?" त्या बाईचा राग खोटा नाही. तिला चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कोट्यवधीवाल्यानं कोट्यवधी लपवणं आणि तिनं ५४ हजार लपवणं हे एकाच तराजूत घालता येणार नाही. तरीही मी तिला नको म्हणेन, आणि नुसत्या नीतीसाठी नाही. त्याची तीन कारणं आहेत.

एक, तिच्या खाली अजून कुणीतरी आहे. वीटभट्टीवरची, ऊसतोडीची, नवऱ्यानं टाकलेली, जिचं उत्पन्न खरंच ६० हजार आहे. सोडतीत आपलं खोटं नाव तिच्या खऱ्या नावाच्या पुढे उभं राहतं. दोन, पकडलं गेलं तर मोठा माणूस वकील लावतो, आपलं मूल शाळेतून बाहेर पडतं आणि दाखला काढून देणारा फोन उचलत नाही. तीन, आपल्या पिशवीत खोटा कागद असला की मोठ्याच्या खोट्या कागदावर बोट ठेवता येत नाही. एजंटला तेच हवं असतं. सगळ्यांचेच हात थोडे थोडे बरबटलेले असले की धंदा सुरळीत चालतो.

आणि मर्यादा चुकीची असेल तर मर्यादा बदलून मागायची. १२ हजार कमावणारा कामगार दुर्बल नाही, हे सरकारनं आपल्याला तोंडावर सांगावं. ग्रामसंघाचा ठराव करा, ग्रामसभेत मांडा, आमदारांकडे द्या. एकटी बाई गेली तर गाऱ्हाणं होतं, चाळीस गटांचे ठराव गेले तर दखल घ्यावी लागते.

आता कामाच्या गोष्टी सांगते, लिहून घ्या.

दाखले निकाल लागल्यावर काढायला धावू नका. मुलगी अकरावीत गेली की तयारी सुरू करा. जात पडताळणीला सगळ्यात जास्त वेळ लागतो, ती आधी. एजंटचा धंदा आपल्या घाईवर चालतो.

इंजिनिअरिंग, फार्मसी, मेडिकल अशा अभ्यासक्रमांचा प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधूनच घ्या. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण व्यवस्थापन कोट्यातून गेलं की ती सवलत मिळत नाही. "मी आतून सीट करून देतो" म्हणणारा तुमचे पैसे तर घेतोच, वर फीमाफीही घालवतो. ८ लाखांची मर्यादा आहे, म्हणजे पगारपावती असलेल्या बहुतेक घरांना खोटं बोलायची गरजच नाही. खऱ्या दाखल्यावर सवलत मिळते.

मुलीचा लॉगिन, पासवर्ड, मोबाईलवर आलेला ओटीपी कुणाला देऊ नका. मूळ कागद कुणाकडे ठेवायला देऊ नका. आणि आपला पत्ता, आपलं रेशनकार्ड, आपल्या खोलीचा भाडेकरार दुसऱ्याच्या मुलाच्या प्रवेशासाठी देऊ नका. शेजारधर्म वेगळा आणि खोट्या पत्त्याला साक्ष वेगळी. नात्यातलं कुणी मागितलं तर "गटाचा ठराव आहे, मला सही करता येत नाही" असं सांगा. एकटीला नाही म्हणणं जड जातं, गटाचं नाव पुढे केलं की सोपं होतं.

कायदाही माहीत असू द्या. जातीचा दाखला खोटा निघाला तर महाराष्ट्राच्या २००१ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार प्रवेश रद्द होतो, मिळालेली पदवीही जाते आणि ६ महिने ते २ वर्षं तुरुंगवास होऊ शकतो. अशा दाखल्यावर मिळालेला लाभ कितीही वर्षं उलटली म्हणून राखता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं आहे. अपंगांसाठीची सवलत फसवून घेतली तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही.

तक्रार करायची असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याबद्दल तहसीलदारांकडे, जातीच्या दाखल्याबद्दल जिल्हा जात पडताळणी समितीकडे, प्रवेशाबद्दल सीईटी कक्षाकडे लेखी द्या आणि पोच घ्या. मात्र चावडीवरची कुजबुज म्हणजे पुरावा नव्हे. कुणाच्या दारात गाडी दिसली म्हणून ती खोटी ठरत नाही, ती कर्जाची असेल. एखादा मुलगा नीट चालतो म्हणून त्याचं अपंगत्व खोटं ठरत नाही. ऐकू न येणं, कमी दिसणं, रक्ताचे आजार वरून दिसत नाहीत. कागद हातात असेल तरच बोला. नाहीतर खोट्याला पकडायला जाऊन आपणच खऱ्याला दुखवू.

शेवटी एक काम देते. पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की इतिवृत्ताच्या वहीत एक पान नवीन उघडा. गटातल्या बायांच्या आठवीपासून बारावीपर्यंतच्या मुला-मुलींची नावं लिहा. प्रत्येकाच्या पुढे कोणता दाखला आहे आणि कोणता काढायचा आहे ते लिहा. कुणाची हजेरी बुडणार असेल तर दुसरीनं तिच्यासाठी रांगेत थांबायचं, हेही तिथंच ठरवा. वही भरली की ग्रामसंघाच्या बैठकीला घेऊन या, आपण मिळून बघू.